वळणावरचा पाला

डोक्यावर ओझं असलं की मी चालायची, ओझं उतरलं की धावायची. शर्यतबिर्यत मला तेव्हा ठाऊक नव्हती. तांबडं फुटायच्या आधी लाकडाची मोळी घेऊन निघायची, आंबेनळीच्या रस्त्यानं पोलादपूरला उतरायची, बाजारात मोळी टाकायची. मोळी उतरली की मान अशी हलकी व्हायची की पाय आपसूक सुटायचे. घरी लेक लहान, म्हशीची धार राहिलेली. डोक्यावरची चुंबळ काढायची, कमरेला खोचायची आणि रस्त्याच्या कडेनं पळत सुटायची. चढ लागला तरी थांबायची नाय. येष्टीतली माणसं खिडकीतून वाकून बघायची. बाजारातल्या बाया बोलायच्या, "गेली बघा, दावं तोडून गेली."

बोलू देत. धार वेळेवर निघायची, ते महत्त्वाचं.

घरात मी, लेक आणि सासू. सासूला मी आत्या म्हणायची. नवरा गेला होता. भात लावताना त्याला ताप चढला, कापणी त्यानं बघितली नाय. पाऊस असा की रस्त्यावर दरड, येष्टी बंद. गावच्या माणसांनी घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली आणि त्याला घेऊन खाली डॉक्टरकडं निघाले. त्यांच्या मागनं मी धावत. माझी पयली शर्यत तीच म्हणा.

आमच्या रस्त्यावर एक वळण हाय. आंब्याखाली शेंदूर लावलेला दगड आणि त्याच्यापुढं पाल्याचा ढीग. वाटेवरची आई म्हणतो तिला. खाली जाणाऱ्यानं एक डहाळी तोडायची, तिच्यापुढं टाकायची, हात जोडायचे, मग पुढं जायचं. वरातीतला नवरा असू दे नायतर मोळीवाली असू दे, आमच्या गावचं माणूस चुकवत नाय. तान्ह्या पोराचा पाला त्याची आई टाकते, आजाऱ्याचा घरचं माणूस टाकतं. त्या दिवशी झोळीवाली माणसं तिथं थांबायला लागली, तर सासू ओरडली, "पाला राहू दे रे! आधी पोराला न्या माझ्या!"

नेला. वाचला नाय.

देवीनं नेला असं मी म्हणत नाय. ताप होता, तापानं गेला. पण त्याच्यानंतर पाला टाकल्याबिगर त्या वळणावरनं माझा पाय पुढं पडेना. आणि सासूनं तर तो रस्ताच सोडला. कुठं जायचं झालं तर डोंगरातल्या जुन्या पायवाटेनं उतरायची, काट्याकुट्यातनं, एवढा वळसा घालून. का, ते मी विचारलं नाय. तिनं सांगितलं नाय.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. पोलादपूरच्या पोरांच्या मंडळानं शर्यत ठेवली. जीपवर भोंगा बांधून गावोगाव ओरडत फिरले. घाटाच्या पायथ्यापासून पोलादपूरच्या स्टँडापर्यंत धावायचं, आधी पुरुष, मग महिला. आमच्या शाळेत महाडहून एक बाई शिकवायला आल्या होत्या, भाड्यानं गावातच राहायच्या. त्यांनी मला कितीदा बाजारातनं पळत येताना बघितलं होतं. पाणवठ्यावर मला बोलल्या, "वहिनी, तुम्ही रोज फुकट धावता. एकदा नंबरासाठी धावा."

मी हसण्यावारी नेलं. बाई काय सोडतायत. शर्यतीच्या दिवशी मला हाताला धरून पायथ्याला घेऊन गेल्या. तिथं सगळ्या शाळेच्या पोरी. कोणी वरंधकडनं आलेल्या, कोणी उमरठच्या बाजूच्या, महाडच्या तर चड्डी आणि पांढरे बूट घालून. मी नऊवारी लुगड्यात, अनवाणी, कमरेला चुंबळ.

मंडळाचा पोरगा बोलला, "बाई, ही शाळेच्या पोरींची शर्यत हाय."

"भोंग्यावर तुम्ही महिला म्हणून ओरडलात," बाई बोलल्या. "ही कोण दिसते तुम्हाला?"

त्यानं डोकं खाजवलं आणि माझ्या पदराला टाचण्यांनी नंबराचं कापड लावलं.

शिट्टी वाजली. पोरी अशा उधळल्या की मी पाठीमागं एकटीच राहिली. मला काय ते उधळणं येत नव्हतं. मला ठाऊक होती ती ओझ्याची चाल, बारकं पाऊल, कंबर हलवायची नाय, दम नाकानं घ्यायचा. तीच चाल मी जरा वाढवली. पयला चढ आला आणि पोरींचे श्वास ऐकायला यायला लागले. एक गेली मागं, दोन गेल्या, मग मोजायचं सोडून दिलं. वळणाच्या अलीकडं माझ्यापुढं नुसता रस्ता होता.

आणि वळण आलं. मी थांबली. निगडीची डहाळी तोडली, देवीपुढं टाकली, हात जोडले. इच्छा करून थांबली असं पण नाय. उंबऱ्यावर माणूस पाय उचलतं, तसं झालं. मागनं दोन पोरी सप्पकन निघून गेल्या. मागच्या जीपमधनं भोंगा ओरडला, "वहिनी, दर्शन झालं का? प्रसाद घेऊन सावकाश या!"

सगळा रस्ता हसला. एकदा थांबलेली गाडी लगेच वेग घेत नाय. माझा तिसरा नंबर आला.

मग बाजारात मला नावच पडलं. मोळी टाकली की कोणी ना कोणी विचारायचं, "काय गो, आज दर्शन झालं का?" लाकडाच्या वखारीवरचा म्हातारा तर नारळच पुढं करायचा. मी बोलायची, "फोडून दे, खोबरं खाते." हसणाऱ्याच्या तोंडावर हसलं की त्याला पुढं काय सुचत नाय.

गावकीत मात्र हसण्यासारखं नव्हतं. आमच्याकडं गावकीचा शब्द म्हणजे शब्द. देवळापुढं बैठक बसली. पुरुष पारावर, बाया खाली भिंतीकडंला. गावकीचा पुढारी उठला आणि माझ्याकडं न बघता बोलला, "कपाळ पांढरं हाय तिचं. अशी बाई ओचा खोचून साऱ्या तालुक्यापुढं धावली. आणि आणलं काय? तिसरा नंबर."

मी खाली मान घालून बसली होती. माझ्या शेजारनं सासूचा आवाज आला, "म्हणजे पयला आणला असता तर चाललं असतं का रे तुला?"

पारावरची माणसं फस्सकन हसली. पुढारी सासूच्या डोळ्यापुढं नागडा खेळलेला, तिला उलटून काय बोलणार. तरी बोलला, "आणून तर दाखवा म्हणावं."

"आणंल. पुढच्या साली पयला नंबर आणंल. नाय आणला तर मीच तिला चुलीपाशी बसवते. धावायचं नाव काढायची नाय. बाजारला पण बायांच्या रांगेतनं चालत जाईल, चालत येईल. झालं समाधान?"

गावकीनं माना हलवल्या. शब्द पक्का झाला.

घरी येताना मी बोलली, "आत्या, मला विचारलंत का?"

"तुला काय विचारायचं? पाय तू चालव, तोंड मी चालवते."

त्या वर्षी मला कळलं की धावणं गेलं तर माझ्याकडं काय उरतं. मोळी उरते, धार उरते, चूल उरते. सगळं करायचं ते करतेच की माणूस, त्याचं मी कधी रडगाणं गायली नाय. पण पोलादपूर सोडल्यापासून घर येईपर्यंतचा तो रस्ता, तेवढा माझा होता. तिथं मी कोणाची सून नव्हती, कोणाची विधवा नव्हती. नुसता वारा कानाला लागायचा. तो पण आता त्या एका नंबरावर टांगलेला.

सासूनं माझी तयारी तिच्या पद्धतीनं केली. माझ्या ताटात भाकरी एक जास्त यायला लागली, नाचणीची, वर कुळथाचं पिठलं. कोंबडी अंडं घालायची ते आधी लेकीचं असायचं, आता एक दिवस लेकीचं, एक दिवस माझं. रात्री पायाला खोबरेल चोळायची आणि चोळता चोळता शिव्या द्यायची, "म्हशीचे खूर बरे ह्याच्यापरीस." बाईंनी महाडहून जुने कॅनव्हासचे बूट आणून दिले. दोन दिवस घातले, फोड आले, म्हशीच्या गोठ्यात खुंटीला लावून ठेवले. 

एकच गोष्ट जमत नव्हती. सासू एक दिवस बोलली, "ह्या वर्षी त्या वळणावर थांबायचं नाय."

"मी थांबणार."

"मग हरशील."

"हरीन."

"आदल्या दिवशी जाऊन टाक की पाला. देवी काय हिशोब ठेवत नाय."

"आदल्या दिवशीचा पाला आदल्या दिवशीचा, आत्या. आजचा आज."

तिनं तेलाची वाटी ठेवली आणि उठून गेली. त्याच्यापुढं बरेच दिवस आमचं कामापुरतंच बोलणं. मी पण हट्टी. पण खरं सांगायचं तर वळण आल्यावर मी काय करीन ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. रात्री पडल्या पडल्या मी तो रस्ता मनात धावायची, आणि दरवेळी त्या आंब्यापाशी येऊन डोळा उघडायचा.

शर्यतीच्या सकाळी थंडी अशी की श्वासाचा धूर. सासूनं पेज वाढली. मी विचारलं, "येताय पायथ्याला?"

"मला काय काम नाय? पोरीला बघायची हाय, म्हैस हाय." आणि तोंड फिरवून गोठ्यात गेली. मी तिच्या पाठीला नमस्कार केला आणि निघाली.

ह्या खेपेला महाडची एक उंच पोरगी होती. पाय असे लांब, माझी दोन पावलं म्हणजे तिचं एक. गेल्या साली पयली आलेली तीच. मला बघून हसली. "काकी, यंदा पण दर्शनाला थांबणार?" मी तिच्याहून थोडीच मोठी, पण लुगडं नेसलं की सगळ्यांची काकी.

"तू पुढं हो," मी बोलली. "तुझ्यासाठी पण मागून घेते काहीतरी."

शिट्टी झाली. ती हरणासारखी गेली. मी माझ्या चालीनं. चढावर पोरी गळायला लागल्या, तशी मी एकेकीला मागं टाकत गेली. उंच पोरगी काय गळेना. तिचे पांढरे बूट माझ्यापुढं टप टप टप. रस्त्याच्या कडेला माणसं उभी. आमच्या गावचे पुरुष पण आले होते, पुढारी सुद्धा, वळणाच्या अलीकडं दगडावर बसला होता, बघायलाच आला होता मी थांबते का ते. उतार लागला. उतारावर मोळीवालीला कोणी शिकवायला नको. गुडघा जरा वाकवायचा, टाच टेकवायची नाय, वजन खाली सोडून द्यायचं. मी तिला गाठली. खांद्याला खांदा लागला. तिनं माझ्याकडं बघितलं, आता हसत नव्हती.

आणि पुढं तो आंबा दिसला.

पाय जड व्हायला लागले. मी मनात बोलत होती, धाव, धाव. पाय ऐकत नव्हते. कडेच्या निगडीकडं माझा हात गेला पण असेल, मला आठवत नाय. तेवढ्यात आंब्याखाली कोणीतरी उभं दिसलं. डोक्यावर पदर, काखेत माझी लेक.

सासू.

त्या झोळीच्या दिवसानंतर तिथं पाऊल न टाकलेली माझी सासू. हातात निगडीच्या डहाळ्या धरून उभी. मला बघितलं आणि साऱ्या घाटाला ऐकू जाईल अशी ओरडली, "थांबू नको गो! तुझा पाला मी टाकला!"

मी तिच्यापुढनं गेली. तिचा आवाज मागनं आला, जरा बारीक झालेला.

"त्याचा पण टाकला. जा!"

त्याच्यापुढं मी कशी धावली ते मला विचारू नका. डोळ्यात पाणी होतं, रस्ता नीट दिसत नव्हता, पण तो रस्ता मला न बघता पाठ होता. कुठं खड्डा, कुठं मोरी, कुठं खडी सुटलेली. पांढऱ्या बुटांचा आवाज माझ्या बाजूला होता, मग मागं गेला, मग नायसाच झाला. पोलादपूरची पयली घरं आली. वखारीवरचा म्हातारा दारात उभा राहून दोन्ही हात हलवत होता, "दर्शन नाय केलं! दर्शन नाय केलं!" असा ओरडत. मोळी टाकायची ती बाजाराची जागा आली, भाजीवाल्या उठून उभ्या. स्टँडात दोरी धरलेली. ती दोरी माझ्या छातीला लागली आणि मी तशीच पुढं पळत राहिली, मंडळाच्या पोरांनी धरून थांबवलं. मला बिचारीला काय ठाऊक, दोरीपाशी थांबायचं असतं म्हणून. गेल्या साली दोरी पयलीनंच नेली होती.

उंच पोरगी मागनं आली. दम खात माझ्याजवळ उभी राहिली आणि बोलली, "काकी, उतारावर कसं धावता ते मला शिकवा." चांगली पोर होती.

बक्षीस म्हणून पितळेची कळशी दिली. कोण साहेब होते त्यांनी दिली. टाळ्या वाजल्या. आता बक्षीस घेऊन कसं उभं राहायचं असतं मला कुठं ठाऊक. मी कमरेची चुंबळ काढली, डोक्यावर ठेवली, त्यावर कळशी ठेवली, आणि हात सोडून उभी राहिली. माणसं जी हसली! पण ते हसणं गेल्या सालचं नव्हतं. माझी मान अशी ताठ होती, मोळीखाली पण कधी झाली नव्हती.

सासू बऱ्याच उशिरानं चालत आली, लेकीला काखेत घेऊन, मोठ्या रस्त्यानं. कळशी हातात घेतली, उलटी केली, टिचकी मारली.

"एवढ्या लांब धावलीस आणि रिकामीच आणलीस?"

मी कळशी परत घेतली. स्टँडावरच्या नळाखाली धरली, अर्धी भरली. आम्ही तिघींनी त्यातलं पाणी प्यालं.

परत जाताना मोठ्या रस्त्यानंच गेलो. ती पुढं, मी मागं. आंब्यापाशी आलो तर वर जाणाऱ्यानं पाला टाकायची रीत नाय. तरी ती थांबली. मी पण थांबली. तिनं कळशीतलं उरलेलं पाणी त्या दगडावर घातलं, आणि बोलली, "चल. म्हैस ओरडत असंल."

गावकीची पुढची बैठक मला अजून दिसते. पुढाऱ्यानं खाकरून विषय काढला, की आपल्या गावची बाई धावते, चांगली गोष्ट हाय, तेव्हा कळशी सप्त्याला देवळात ठेवावी, लोकांना बघायला. सासू बोलली, "पाणी कशात भरू मग? तुझ्या टोपीत?" कळशी घरीच राहिली. पण पुढाऱ्यानं दुसरी गोष्ट विचारली ती खरी. पालखीला कोण, ढोलाला कोण, असे मान वाटून झाले, तेव्हा तो बोलला, "आणि शर्यतीच्या दिवशी वळणावर पाल्याला कोण?"

सगळ्यांनी सासूकडं बघितलं. गावकीनं तो मान तिला दिला. देवळापुढं, सगळ्यांसमोर, सुपारी देऊन. तिनं सुपारी पदराच्या गाठीला बांधली आणि मला कोपर मारलं.

मी बरीच वर्षं धावली. पोलादपूर ते महाड ती लांब शर्यत धावली, महाडच्या वेशीवर उन्हानं तोंडाला फेस आला, पण दुसरा नंबर घेतला. अलिबागला जिल्ह्याची होती, तिथं मुंबईत सराव केलेल्या पोरी, मी मागनं पयली आली असेन. समुद्र बघितला, परत आली. हरल्याचं काय वाटलं नाय, आता धावायला कोणी मना करणारं नव्हतं. पुढं आमच्या गावच्या दुसऱ्या बाया पण धावल्या. लुगड्यातल्या, पातळातल्या, एक तर सासरच्या माणसांशी भांडून. त्यांचा पाला सासूच टाकायची. एकेकीचं नाव घेऊन टाकायची, आणि सगळ्यांचा झाला की शेवटी एक डहाळी जास्त टाकायची. ती कोणाची, ते कोणी विचारलं नाय.

डोंगरातली ती जुनी पायवाट तिनं परत धरली नाय. आता तिथं एवढी करवंदीची जाळी माजलीय की वाट होती हे सांगून पटत नाय.